उत्तरतालिका

रविवारचा पेपर सुटला की पोरी वर येतात,
चपला जिन्यातच सोडून.
किती सुटले, असं मी विचारत नाही.
लातुरात खोल्या भाड्यानं देणाऱ्या बाईला
चपला कशा पडल्यात त्यावरून कळतं.

त्या दिवशी ओट्यावर सहा पेले मांडले होते.
भाच्यानं दुकान बंद केलं, उरलासुरला माल
नातलगांत वाटला,
माझ्या वाट्याला हा डबा:
पिशव्यांचा चहा, दोऱ्याला चिठ्ठी लटकलेली,
दवाखान्यात बाळाच्या पायाला बांधतात तशी.

बोअरच्या पाण्यात असली नाजूक चव मरते,
म्हणून वीस रुपयांचा जार फोडला.
चिठ्ठ्या तोडून घेतल्या,
वहीत लिहून ठेवलं, एक म्हणजे हे, दोन म्हणजे ते.
म्हटलं, ओळखा गं.
चुकलात तर एक मार्क वजा.

हसल्या. जूनपासून पहिल्यांदा सगळ्या एकदम.

देगलूरची शाहीन म्हणाली, मावशी,
आमच्या चाचाच्या लग्नातलं अत्तर उकळलंय का?
दुसऱ्याला शिवकांतानं नाकच धरलं,
ह्यो तर बाम आहे, आजोबा कपाळाला लावतेत तो.
तिसरा पिऊन त्रिशला बराच वेळ गप्प,
मग म्हणाली, गवती चहा.
आमच्या सेलूत मोरीच्या पाण्यावर फुकट वाढतो,
याला डब्यात घालून पैसे घेतात?
चौथा जांभळा. डब्यावर फळाचं चित्र होतं,
ते फळ आमच्यापैकी कुणीच खाल्लेलं नव्हतं.
आता चव बरोबर की चूक, सांगणार कोण?
अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न, असं ठरलं.

मैना खिडकीपाशी.
ती रिपीटर. दुसरं वर्ष.
पेला दोन्ही हातांत धरून वास घेत होती,
पीत नव्हती.
काय करलालीस गं, थंड होईल, मी म्हटलं.
कडबा, ती म्हणाली.
काय?
पाचवा. भिजलेल्या कडब्याचा वास येतोय.
गंजीवर ताडपत्री टाकायची राहिली की
सकाळी येतो तसा.
पोरी हसायच्या बेतात होत्या, पण थांबल्या.

तेवढ्यात जांभळा पेला लवंडला.
वहीवर.
मला अजून शाईच्या पेनानं लिहायची खोड,
एक ते सहा सगळं निळं-जांभळं होऊन
पानाखालच्या पानात गेलं.

मग बरोबर उत्तर काय, मावशी?
शाहीनचा आवाज खरंच घाबरल्यासारखा.
चिठ्ठ्या?
चिठ्ठ्या चुलीपुढच्या कचऱ्यात, कुठली कशाची कोण जाणे.
उत्तरतालिकाच नाही म्हटल्यावर
पोरी पेल्यांकडे बघत राहिल्या,
जणू ते पेलेच आता त्यांना काही विचारतील.
शेवटी शिवकांता म्हणाली,
तालिका नसली की सगळ्यांना बोनस द्यावा लागतो.
नियम आहे.

दिला.
सहावा पेला कुणी ओळखलाच नाही.
तो मीच प्याले, साखर घालून,
तरी कळलं नाही.

मैना म्हणाली, पाचवा आणखी आहे का?
एक पिशवी होती. तिला दिली.

ताटं लावायच्या वेळी केर भरताना
माझ्या पायाला एक चिठ्ठी चिकटलेली सापडली.
बारीक अक्षरात परदेशी फुलाचं नाव,
आणि खाली: रात्री घ्यावा, शांत झोपेसाठी.

वर जाऊन बघितलं.
पुस्तक छातीवर उघडं, चष्मा तसाच,
ओठ जरा उघडे,
तोंडावर दोन वर्षांपूर्वीची मैना,
बापासोबत खोली बघायला आली होती ती.
आठचा गजर वाजायला लागला होता.
मी बंद केला.

सकाळी तिनं विचारलं, मावशी, माझा गजर वाजलाच नाही का?
मी आधणात चहा-पत्ती टाकत होते,
नेहमीची, सुटी, पाव किलोच्या पुड्यातली.
आल्याचा तुकडा ठेचत म्हटलं,
दूध ऊतू जातंय बघ.